पायरीवरची हाक

देवळाली कॅम्प
४ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

वाकून नमस्कार करते. खरं तर गुडघ्यांमुळे हल्ली देवापुढेही वाकत नाही, पण कागदावर वाकायला काय जातंय.

काल भाऊबीज झाली. तुमचे बंधुराज सकाळी आंघोळ करून नवा सदरा घालून बसले. ओवाळणारं घरात कुणी नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुपारी म्हणाले, "ताईने तिकडे चंद्राला ओवाळलं असेल." मी म्हटलं, चंद्र ओवाळणी घालत नाही, तोटा ताईंचाच आहे. हसले, पण झोपेपर्यंत सदरा काही काढला नाही. हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिते आहे, गैरसमज नको.

फोन का केला नाही, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "हं" आणि "बरं" यांच्या पलीकडे जात नाही आणि मग तुमच्या कुकरची शिट्टी होते. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही. पाकीट फोडलंत की शेवटपर्यंत वाचणार, हा तुमचा स्वभाव मला माहीत आहे. गौरांगच्या बारशाला आला होतात तेव्हा शेवेच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचत बसला होतात.

तर बातमी अशी की गौरांगला मुलगी झाली. इतकी वर्षं डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांनी नाद सोडला आणि आता ही आली. आभा सध्या माहेरी सातपूरला आहे. मी जाऊन बघून आले. रंग आभाचा, केस कुणाचेच नाहीत, आणि नाक आपल्या घरातलं. म्हणजे तुमचं. चिंचोळं आणि आत्तापासूनच रागावलेलं.

बारसं ८ डिसेंबरला, रविवारी, घरीच करायचं ठरलंय. हॉल नको म्हटलं. आता मुद्द्याचं सांगते. गौरांगला बहीण नाही. म्हणजे पोरीला आत्या नाही. आत्याच नाही तर कानात कुर्र कोण करणार? शेजारच्या पुतळाबाई लगेच पुढे झाल्या, "मी करते की वं, त्यात काय लय मोठं हाय?" त्यांचं मन मोठं आहे, पण तंबाखूचा वास त्याहून मोठा आहे. गौरांगने मात्र डोळा न लववता सांगितलं, "माझी आत्या आहे की. माझं नाव तिनेच ठेवलं, हिचंही ती ठेवेल."

तेव्हा तुम्ही यायचं आहे. आई गेल्यापासून तुम्ही या घराची पायरी चढलेल्या नाहीत. आता चढा. डाव्या बाजूला लोखंडी कठडा बसवून घेतलाय, धरायला बरा पडतो.

तुमच्या भावाची बायको

देवळाली कॅम्प
१८ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमनने हातात देताना मला विचारलं, "सगळं ठीक ना, मावशी?" म्हणजे त्यानेही वाचलं होतं. दीड ओळीचं पत्र वाचायला त्याला वेळ कितीसा लागणार!

"तुमच्या घरी एक इंदिरा आहेच. तिलाच बसवा पाळण्याशी. — कुमुद."

ह्यांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि दुकानात गेले. त्या दिवशी एका सुभेदारसाहेबांच्या वर्दीच्या कोटाला ह्यांनी उजवीकडची पट्टी डावीकडे लावली. मिलिटरीचे कपडे शिवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्याकडून! साहेब भला माणूस, "हो जाता है चाचा" म्हणाला. पण तुमचा बाण कुठे लागला ते तुम्हाला कळावं.

मला लागला का, म्हणाल, तर नाही. मला तुमचं खरं वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

दोन्ही लग्नं एकाच मांडवात झाली ना आपली. सकाळी तुमचं, दुपारी आमचं. तुमच्या सासरच्या, ग्वाल्हेरच्या मंडळींना गाडी गाठायची होती म्हणून नाव ठेवण्याचा विधीसुद्धा तिथेच उरकला. तांदळाची दोन ताटं शेजारी शेजारी मांडली होती. तुमच्या ह्यांनी अंगठीने तांदळात लिहिलं, कुमुद. तुम्हाला आधी कुणी विचारलंही नव्हतं. माझ्यासाठी मामंजींनी 'सुमन' ठरवलं होतं, कारण घरात एक इंदिरा होतीच, तुम्ही. आणि ह्यांनी अंगठी तांदळाला टेकवली तेवढ्यात आई मागून म्हणाल्या, "राहू द्या. हिचं आहे तेच राहू द्या. इंदिरा."

मला काय, मी खूश. वीस वर्षं ज्या नावाने ओ दिली ते सासरीही चालणार म्हटल्यावर मी मनात उड्या मारल्या. मान वर केली तर तुम्ही तुमच्या ताटातल्या तांदळाकडे बघत बसला होतात. तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो. एका ताटातून नाव गेलं आणि शेजारच्या ताटात आलं. तेही तुमच्या सख्ख्या आईने सांगून.

पहिल्या माहेरपणाला आलात तेव्हाचंही आठवतं. आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "इंदिरा, जरा ये गं." आपण दोघी एकदम "आले" म्हणालो आणि एकदमच उठलो. मग तुम्ही पुन्हा खाली बसलात. म्हणालात, "तुला बोलावतायत." त्यानंतर या घरात तुम्ही त्या नावाला कधी ओ दिली नाही. मलाही त्या नावाने कधी बोलावलं नाही. "अगं", "ए", नाहीतर "चिंतूची बायको". आपल्याच नावाने दुसरीला हाक मारायची म्हणजे जीभ रेटत नसणार. मी कधी मनाला लावून घेतलं नाही, उलट गंमतच वाटायची.

पण एक मात्र खटकतं. आई गेल्या, मामंजी गेले, तुमच्या शाळेतल्या मैत्रिणी कुठल्या कुठे पांगल्या. भाऊ 'ताई' म्हणतो. ग्वाल्हेरात तुम्ही कुमुदकाकू आणि कुमुदआजी. मी तर नणंदेचं नाव घ्यायचंच नाही. म्हणजे तुम्हाला इंदिरा म्हणून हाक मारणारं आज जगात कुणीच नाही. असो, विषय बदलते.

गौरांग आणि आभा मुलीचं नाव शोधताहेत. अट एकच, ते नाव दुसऱ्या कुणाचंही नको. गौरांगच्या वर्गात तीन गौरांग होते, बाई त्याला 'मागचा गौरांग' म्हणायच्या, त्याचा त्याने जन्मभर धसका घेतलाय. त्याला म्हटलं, हे आत्याला सांग, नाव तिने ठेवलंय. रोज संध्याकाळी हा इथे, ती सातपूरला, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात दोघं. शेवटी 'त्विषा' ठरलं. मला तीनदा म्हणायला लावलं. पुतळाबाईंनी एकदा प्रयत्न केला आणि पाणी मागितलं.

हे नाव कानात सांगायला दात शाबूत असलेली आत्या हवी. तुमचे आहेत असं ऐकून आहे.

चिंतूची बायको

देवळाली कॅम्प
२६ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

आठ दिवस वाट पाहिली. कार्डसुद्धा नाही. म्हणजे आता मला ते सांगावं लागणार. आईंना दिलेला शब्द मोडते आहे. वर गेल्यावर त्यांच्याशी काय ते मी बघून घेईन.

लग्नाला महिनाही झाला नसेल. दिवेलागणीची वेळ, मी आत कणीक मळत होते. बाहेरून आईंची हाक आली, "इंदिराऽऽ". शेवट लांबवलेली, मैदानात खेळणाऱ्या पोरीला मारतात तशी. मी पिठाच्या हातांनी धावत बाहेर गेले, "आले, आई." आई दारातल्या पायरीवर उभ्या होत्या, बाजाराकडच्या रस्त्याकडे तोंड करून. वळल्या. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, "तुला नाही गं."

मी नवी, मला काही उमजेना. मग त्याच म्हणाल्या, "ती लहान असल्यापासून रोज या वेळेला इथून हाक मारते. बाजाराच्या गल्लीत, मैदानावर, कुठे असेल तिथून यायची. आता घशाला सवय झालीय. हाक आली की गिळता येत नाही." आणि पुढे म्हणाल्या, "तुझं नाव बदललं असतं, तर या घरात ही हाक मारायला कारणच उरलं नसतं. लोक म्हणाले असते, म्हातारीला वेड लागलं. आता म्हणतात, सुनेला बोलावतेय."

कळलं का वन्सं? तुमचं नाव त्यांनी मला दिलं नव्हतं. त्यांच्याने ते सोडवलं नाही, एवढंच. मी त्या हाकेचा आडोसा होते.

मी म्हटलं, ताईंना कळवू का? तर त्यांनी माझा हात धरला. "शपथ आहे. तिला कळलं तर ती तिकडे रमायची नाही. सासरी पाय रोवायचे तिचे दिवस आहेत. तिला माझा राग येऊ दे थोडा, रागाने माणूस टिकतं." आईंचं गणित असं असायचं. रागाने तुम्ही टिकलात, ते खरंच म्हणायचं. पण तो राग इतका मुरेल, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

पुढे मी शिकले. स्वयंपाकघरातून हाक आली की ती माझी, पायरीवरून आली की तुमची. पायरीवरच्या हाकेला मी कधी गेले नाही. आई हाक मारायच्या, थोड्या थांबायच्या, मग स्वतःशीच "चला" म्हणून आत यायच्या आणि देवापाशी दिवा लावायच्या. वर्षानुवर्षं हेच. पुतळाबाईंना विचारा, त्या समोरच राहतात. त्यांना वाटायचं मी बहिरी आहे.

शेवटच्या दुखण्यात पायरीपर्यंत जाता येईना, तर खाटेवरून हाक मारायच्या. पण सूर तोच, पायरीचा. मी उशाशी बसलेली, माझा हात त्यांच्या हातात, आणि त्या बोलावतायत तुम्हाला. खरं सांगू? तेव्हा मला लागलं. तोंडात घास मी भरवायचा, पाठ मी पुसायची, आणि हाक तुमची! रात्री मागच्या दारी जाऊन रडलेसुद्धा. मग स्वतःलाच म्हटलं, अगं बाई, ती तिची आई आहे.

तुम्हाला तार-फोन सगळं झालं होतं, तुमची गाडी भुसावळपर्यंत आली होती. शेवटच्या दिवशी दुपारपासून हाक थांबेना. "इंदिराऽऽ, इंदिराऽऽ." आवाज पार चिरका झालेला. मला बघवेना. मग मी उठून बाहेर गेले, पायरी उतरले, आणि रस्त्यावरून धावत आत आले. चपला वाजवत. दारातून मोठ्याने म्हटलं, "आले गं आई." तुम्ही म्हणायचात तसं, अगं-तुगं करून. मी त्यांना कधी एकेरी बोलले नव्हते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण हाक थांबली. "हातपाय धू," म्हणाल्या.

त्या शेवटचं बोलल्या ते हे. मला नाही, तुम्हाला.

आणि दहाव्याला मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "भाग्याची गं तू, शेवटपर्यंत इंदिरा इंदिरा करत होती!" तुम्ही समोरच होतात. उठलात, पिशवी भरलीत आणि संध्याकाळच्या गाडीने निघालात. ह्यांनी अडवलं तर म्हणालात, "तिची इंदिरा तिच्यापाशी होती." मी तोंड उघडेपर्यंत रिक्षा वळली होती.

तर आता सांगितलं. तुमचे तिकडे रमायचे दिवस होऊन गेले, नातवंडं कॉलेजात गेली. आता कळलं तर आई रागावणार नाहीत. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी हे तुमचं होतं, तुम्हाला पोचतं केलं.

मी

देवळाली कॅम्प
३ डिसेंबर २०२४

वन्सं,

गौरांगच्या मोबाईलवर तुमच्या नातवाचा निरोप आला. "आजी सहा तारखेला निघतेय. खालचा बर्थ आहे. स्टेशनवर कुणी येऊ नये, तिला रस्ता माहीत आहे."

तुम्हाला माहीत असलेला रस्ता आता राहिलेला नाही, तेव्हा हे नाशिकरोडला येतीलच. भाऊबिजेचा सदरा धुऊन इस्त्री करून ठेवलाय. तुम्ही रागावल्यासारखं करा, ते ऐकू न आल्यासारखं करतील.

हे पत्र तुम्हाला निघायच्या आत मिळणार नाही, ठाऊक आहे. पण हात थांबेना. ग्वाल्हेरला परत गेल्यावर वाचा. पांढऱ्या घुगऱ्या भिजवू की हिरव्या, हे विचारायचं होतं. राहू दे, दोन्ही भिजवते.

इंदिरा

देवळाली कॅम्प
१४ डिसेंबर २०२४

इंदिरावन्सं,

पाकिटावर कुमुद लिहिलंय, नाहीतर ग्वाल्हेरचा पोस्टमन चक्रावायचा. आत मात्र मी लिहिणार ते लिहिणार.

सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतंय. तुमचा चष्मा पाळण्यातल्या दुपट्यात सापडला, कुरिअरने पाठवते. आता तुम्हाला वाटेल, आत्ताच तर भेटलो, लगेच पत्र कसलं? पण तुम्ही पाळण्यात डोकं घातलं होतं तेव्हा तुमच्या मागे काय काय झालं, ते तुम्हाला कोण सांगणार!

एक तर, कुर्र करताना तुमच्या पाठीत बसलेला तो सगळ्यात सणसणीत धपाटा माझा होता. आभाच्या आईकडे बघून तुम्ही डोळे वटारलेत, ती बिचारी नाहक बदनाम झाली. रीतीप्रमाणे आत्याला मारायचंच असतं, मी फक्त इतक्या वर्षांचं एकत्र करून दिलं. त्यानंतर मला फार मोकळं वाटलं.

दुसरं म्हणजे, तुम्ही 'त्विषा' म्हणून नाव जाहीर केलंत, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दारातून ती शेंबडी पोर ओरडत आली, "मी पण त्विषा!" तेव्हा गौरांगचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मागच्या गल्लीत नवे राहायला आलेत, हवालदाराची मुलगी. अख्ख्या मोबाईलमध्ये जे नाव दुसऱ्या कुणाचं सापडलं नाही, ते शंभर पावलांवर निघालं. आभा तर रडकुंडीला आली, म्हणाली, "आत्या, अजून बदलता येईल का?"

आणि तुम्ही त्या पोरीला मांडीवर घेतलंत. तिचं नाक आपल्या पदराने पुसलंत. म्हणालात, "काही बदलायचं नाही. ही थोरली त्विषा, ही धाकटी. थोरलीने धाकटीला सांभाळायचं. काय गं?" पोरीने मान डोलावली. मी तिथेच बत्तासे वाटत उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. पण ते मला म्हणालात, हे मला कळलं.

आता तिसरं. त्यासाठीच हे पत्र.

बारशाच्या रात्री तुम्ही विचारलंत, "तुला झालं काय होतं?" आणि मी भांडी लावायचं निमित्त करून टाळलं. तोंडाने सांगता आलं नसतं. पाहुणे गेले होते. हे जेवणाचे डबे पोचवायला गेले होते. आभा आणि बाळ आत, तुम्ही पाळण्याशी. दिवेलागण झाली. मी पायरीवर पडलेल्या चपला सरळ करायला गेले आणि तिथेच उभी राहिले. समोर रस्ता, बाजारातले दिवे लागत होते, मैदानाकडून पोरं परतत होती. आणि माझ्या घशाशी ती हाक आली. आई म्हणायच्या ना, गिळता येत नाही. तशीच.

नणंदेचं नाव, तेही एकेरी. शिवाय ते माझंच नाव. जन्मभर त्याला ओ दिली, पण त्या नावाने मी कधी कुणाला हाक मारली नव्हती. कशी मारायची असते, तेही ठाऊक नव्हतं. डोळे मिटून घेतले आणि आईंसारखी शेवट लांबवून ओरडले.

"इंदिराऽऽ"

समोरून पुतळाबाई म्हणाल्या, "काय वं इंदिराबाय, सोताच सोताला हाक मारती काय? लय दमली वाटतं आज!"

मी तिकडे लक्ष न देता आत कान लावला. आतून आवाज नाही. म्हटलं झालं, तुम्ही ठरवलंय ते ठरवलंय, या घरात ओ द्यायची नाही. पायरीवर तशीच थांबले. आई थांबायच्या तेवढी. "चला" म्हणून आत वळणार, तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, बहुतेक खुळखुळा, आणि मग तुमचा आवाज. म्हातारीचा नव्हता तो.

"आले गं, आले!"

आणि तुम्ही खरंच धावत आलात. या गुडघ्यांनी, अनवाणी, हातात ओलं दुपटं घेऊन. कठडासुद्धा धरला नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहून, धापा टाकत म्हणालात, "काय?"

आईंनी हाकेच्या पुढचं कधी सांगितलं नव्हतं, नुसती हाकच होती. म्हणून मी आपलं म्हटलं, "काही नाही. दिवे लागले. घरात या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग रस्त्याकडे बघितलंत. दुपट्याने डोळे पुसलेत, ते बाळाचं ओलं होतं हे विसरून. म्हणालात,

"घरातच आहे की गं, इंदिरा."

इंदिरा